काकूंचं 'अहो'

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. दोन गाड्या बदलल्या. पहिलीत उभाच होतो, दुसरीत एका बाईंच्या ट्रंकेवर बसलो. त्या दर वळणाला विचारत होत्या की आत काचेचं सामान आहे, हळू बसलास ना. काच फुटल्याचा आवाज काही आला नाही, म्हणजे हळूच बसलो असणार.

ही वही ताईने बॅगेत कोंबली. रोज नाही तर निदान काही घडेल त्या दिवशी लिही म्हणाली, म्हणजे पाय जरा जागेवर राहतील. घरात मला भिंगरी म्हणतात. शाळा आठवीत सुटली. मग मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मग सभांना स्पीकर भाड्याने देणारा एक जण, मग केबलवाला. बूड कुठेच टेकलं नाही. निघताना दाजी म्हणाले, याची खाट कुणाला देऊ नका, लवकरच लागेल. सगळे हसले, मीही हसलो. पण या खेपेला दाजींना खोटं पाडायचं असं ठरवून आलोय.

जागा झकास आहे. चष्म्याच्या दुकानावर पहिला मजला, समोर रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल. राहायला मागच्या बाजूला खोली दिली आहे. पलंग, टेबल, खिडकीतून एक झाड. ताईला फोन केला. भाचीने, म्हणजे ढमीने, फोन हिसकावून घेतला आणि रोज संध्याकाळी गोष्ट सांगायची असं कबूल करून घेतलं. गोष्टीतला कुत्रा भुंकला पाहिजे, ही तिची अट.

४ फेब्रुवारी

काम आज नीट कळलं. घशाच्या काही दुखण्यांत डॉक्टर माणसाचं स्वरयंत्रच काढून टाकतात. जीव वाचतो, आवाज जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधी माणूस इथे येतो आणि कागदावरची वाक्यं आपल्या आवाजात बोलून ठेवतो. पाणी हवंय का, दुखतंय, दार उघड, असली. नंतर ती सगळी एका टॅबमध्ये भरतात. माणसाने बोट ठेवलं की टॅब त्याच्याच आवाजात बोलतो. हे सगळं चालवतात त्या मॅडम आवाजाच्या डॉक्टर आहेत. मी म्हटलं, आमच्या दाजींचा आवाज नुसता काढून घ्याल का, परत नाही दिला तरी चालेल. मॅडम हसल्या. पहिल्याच आठवड्यात साहेबीण हसली म्हणजे नोकरी टिकणार.

रेकॉर्डिंगची खोली लहान आहे. खिडकी नाही, भिंतींना काळा स्पंज, दार हातभर जाड. दार लावलं की बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. आपण आवंढा गिळला तर तोही ऐकू येतो. माईकची तार एका लाल डब्यात जाते. डब्यावर दोन गोल खटके आणि एक हिरवा दिवा आहे. डब्यातून यूएसबीची केबल कॉम्प्युटरला. मॅडम त्याला लांबलचक इंग्रजी नावाने बोलवायच्या, मी डबा म्हणतो, आता त्याही डबा म्हणतात.

दुखणं या डब्याचंच आहे. माणूस बोलत असताना मध्येच कॉम्प्युटर 'टु-डुंग' करतो आणि डबा तुटतो. जरा वेळाने 'डु-टिंग', परत जोडला जातो. आधीचा मुलगा याच त्रासाला कंटाळून गेला. म्हणून मॅडमने एक नियम घातलाय. दर कागद संपला की रेकॉर्डिंग वाजवून बघायचं, मगच पुढचा कागद. मी म्हटलं, वाजवायची वेळच येणार नाही, मी डबा सरळ करतो.

७ फेब्रुवारी

डबा सरळ होत नाही. केबल बदलली. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूचं यूएसबीचं भोक सैल होतं, म्हणून मागच्या बाजूला लावलं. डबा चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. वेगळी वीज घेणारा हब, म्हणजे यूएसबीची जादा भोकं असलेली पट्टी, आणून त्याच्यातून लावलं. प्रत्येक वेळी तासभर गुणी पोरासारखा चालतो आणि मी हात झटकून उठलो की टु-डुंग. मला वाटतं, तो माझी पाठ वळायची वाट बघतो.

ढमीला गोष्ट सांगितली. कुत्रा भुंकला. शेजारच्या खोलीतल्या माणसाने भिंतीवर थाप मारली.

१० फेब्रुवारी

एक सोय सापडली. बोललेलं कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये यायला किंचित उशीर होतो. स्वतःचं बोलणं असं मागून ऐकू आलं की लोक अडखळतात. डब्याचा एक खटका डावीकडे फिरवला की माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता डब्यातूनच थेट हेडफोनमध्ये येतो. काय साफ ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या ओठाला ओठ लागलेला कळतो. आता मीही हेडफोन घालून शेजारी बसतो, म्हणजे चुकलं की लगेच कळेल. दर कागदानंतर वाजवून बघत बसायची कटकट मिटली. मॅडमना सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज एक जोडपं आलं. काकू कपडे शिवतात. बोलताना ओठांत टाचण्या धरायची इतकी सवय, की तोंडात काही नसलं तरी ओठ तसेच आवळून बोलतात. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डोळे जाऊन बरीच वर्षं झाली. उद्या सकाळी काकूंचं ऑपरेशन.

मला वाटलं रडारड होईल. पण दोघं जिना चढतानाच भांडत होते. काका म्हणाले, इतकी वर्षं ऐकलं, आता घरात शेवटचा शब्द माझा. काकू म्हणाल्या, यंत्र माझ्या हातात असणार, आवाज मोठा करायचं बटणही. काकांनी मला विचारलं, बाबा, बंद करायचं बटण कुठे असतं तेवढं मला चाचपून दाखव.

मग मॅडम काकूंना आत घेऊन गेल्या तेव्हा काका बाकावर एकटे राहिले आणि हळू आवाजात मला म्हणाले की ती लिहून दाखवू शकते, पण मी वाचू शकत नाही. म्हणजे आता हे यंत्र हाच आमचा संसार. नीट कर हो.

पहिल्याच कागदावर अडलं. 'माझ्या नवऱ्याचं नाव' असं वाक्य होतं. काकू लाजून हसायला लागल्या. नाव कधी घेतलंच नाही म्हणे, आता या वयात माईकसमोर कुठे घेऊ. मी विचारलं, मग हाक कशी मारता. म्हणाल्या, अहो. मॅडम म्हणाल्या, तेच रेकॉर्ड करा, हवं तितक्या तऱ्हेने, आणि आम्हाला सोडून बाहेर गेल्या. मग काकूंनी केलं. जेवायला बोलवायचं अहो. दूध उतू जातंय तेव्हाचं. पाहुण्यांसमोरचं. रुसलेलं. औषध घेतलं नाही म्हणून दटावायचं. आणि शेवटी मला म्हणाल्या, तू जरा भिंतीकडे तोंड कर. मी केलं. हेडफोनमध्ये ते शेवटचं अहो आलं. कसं होतं ते मला लिहिता येणार नाही. माझं लग्न झालेलं नाही.

अगदी सुरुवातीला, काकू बोलायच्या आधीच, एकदा टु-डुंग झालं होतं, पण लगेच डु-टिंग पण झालं. हिरवा दिवा लागत होता, कानात सगळं साफ येत होतं, म्हणून काकूंना थांबवलं नाही. सगळे कागद एका दमात झाले. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "झालं ना रे नीट?"

मी म्हटलं, "झालं, काकू."

*त्याच दिवशी, संध्याकाळी*

काही नाही आलं. फाईल आहे, तिच्यावर वेळ आहे, आत सरळ रेघ. एकही शब्द नाही. टु-डुंग पहिल्या वाक्याच्याही आधी झालं होतं. डबा परत जोडला गेला, पण तोवर कॉम्प्युटरने दुसरा माईक धरला, स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यातला, जो मॅडमने कधीचा बंद करून ठेवलाय. कानात येत होतं ते डब्यातून थेट. दिवा लागत होता तो डब्याचा. कॉम्प्युटर तेवढा वेळ गप्प खोली रेकॉर्ड करत होता.

अजून उजेड आहे. काकू हॉस्पिटलमध्ये उद्या सकाळी जाणार. आत्ता घरी असतील. नंबर आहे माझ्याकडे. लावला. एक रिंग वाजली आणि मी कापला. काय सांगू? मॅडमना कळलं की नोकरी गेली. दाजींची खाट.

उद्या सकाळी लवकर सांगतो. सकाळीही होईल.

१३ फेब्रुवारी

गेलो. धावत रस्ता ओलांडला. त्यांना आत नेलं होतं.

काका बाहेर बसले होते. माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखलं. म्हणाले, बरं झालं आलास, एकटं बसवत नव्हतं. मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, आता आत ते काय कापतील ते कापोत. तिचा आवाज तुझ्याकडे आहे ना.

"हो काका," म्हणालो.

काय माणूस आहे मी. तिथे सांगता आलं असतं. त्यांच्यापाशी बसलो, चहा आणून दिला, दोन विनोद केले. ते हसले. विनोद कसे सुचले मला.

१६ फेब्रुवारी

मॅडमनी काकूंच्या फाईलबद्दल विचारलं. म्हटलं, साफ करतोय, मागची घरघर काढतोय. शाबास म्हणाल्या.

पुसलेल्या फाईली परत आणणारे दोन प्रोग्रॅम चालवले. जे रेकॉर्डच झालं नाही ते परत कुठून येणार. पण डब्याचं दुखणं सापडलं. कॉम्प्युटर वीज वाचवायला यूएसबीची जागा मधूनमधून झोपवतो. सेटिंगमध्ये त्यासाठी एक बरोबरची खूण होती, ती काढली. तेव्हापासून एकदाही तुटला नाही. एवढंच होतं. एक खूण. पाच दिवस आधी सापडली असती तर.

१८ फेब्रुवारी

डबा तुटला. दुपारी, कुणी माईकवर नसताना. मी आत केबली गुंडाळत होतो. टु-डुंग. बरोबरची खूण पाहिली, काढलेलीच आहे. मग डु-टिंग, आणि काकूंच्या फोल्डरमध्ये एक नवी फाईल दिसली. एवढीशी. वाजवली.

"पाणी हवंय का?"

काकूंचा आवाज. ओठ आवळून बोललेला. मी वेड्यासारखा खोलीत नाचलो. वाटलं, डब्याच्या पोटात कुठेतरी साठलं असणार आणि आता थोडं थोडं बाहेर येतंय. असं होत नसतं हे मला माहीत आहे. तरी तसंच मानलं. मानायला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ढमीला फोन केला. गोष्टीतला कुत्रा तळ्यावर जातो तिथे ती म्हणाली, मामा, तुझा आवाज तुटतोय. ताईने फोन घेतला. म्हणाली, रेंज नाही वाटतं तिकडे, मधले मधले शब्दच येत नाहीत.

२० फेब्रुवारी

आणखी आल्या. 'दार उघडा.' 'दुखत नाही आता.' 'किती वाजले?' दर वेळी डबा तुटतो, जोडला जातो, फाईल येते. मी काही करत नाही. नुसता आत बसतो.

खाणावळीत पाणी मागायला गेलो आणि शब्द आला नाही. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज नाही. पुढचा शब्द आला, 'द्या'. पोऱ्याने विचारलं काय द्या. मी बोटाने दाखवलं. पुन्हा प्रयत्न केला. तेवढाच शब्द नाही. घसा बसला असेल. एकाच शब्दापुरता घसा कसा बसतो?

२१ फेब्रुवारी

करून पाहिलं. दार लावून, मोठ्याने. पाणी — नाही. दार — नाही. उघडा — नाही. दुखत — नाही. किती — नाही. खिडकी, पलंग, ताई, कुत्रा, सगळं येतं. फोल्डरमधल्या फाईली आणि माझ्या तोंडातून गेलेले शब्द एकास एक तेच आहेत.

डब्यात साठलेलं काही नव्हतंच. तो माझ्याकडून घेतोय.

हेडफोन घालून बसलो होतो. कॉम्प्युटर बंद होता. माईकसमोर कुणी नव्हतं. कानात बाईच्या श्वासाचा आवाज आला, आणि टाचण्या दातांवर लागल्यासारखं बारीक काहीतरी. मग एकच शब्द, जो मी त्या दिवशी दर कागदाला म्हणत होतो.

"पुढचं."

२३ फेब्रुवारी

बॅग भरली. सांगायचं नाही, निघायचं. दाजी जिंकले तर जिंकू देत. जिन्यात उतरत होतो आणि खालून काका-काकू चढत होते.

काकूंच्या गळ्याला पांढरी पट्टी. मला बघून हसल्या, गळ्यातल्या पाटीवर लिहिलं, 'वाळलास का रे?' मग काकांच्या तळहातावर बोटाने तेच गिरवलं. काका म्हणाले, ही हातावर लिहिते आणि मला भलतंच कळतं. काल 'चादर' लिहिलं, मला वाटलं 'आदर', म्हटलं या वयात कुठून सुचलं. काकू हसल्या. आवाज न होता माणूस हसतो ते पहिल्यांदा पाहिलं.

मग काकूंना मॅडमनी आत तपासायला नेलं आणि काका बाकावर बसले. म्हणाले, घर फार गप्प झालंय रे. ती समोर उभी असते आणि मी जाऊन आपटतो. आधी कळायचं कुठल्या खोलीत आहे, कुठल्या रागात आहे, सगळं त्या एका हाकेवरून. परवा रात्रभर ती माझ्या शेजारी बसून रडत होती, मला सकाळी उशी ओली लागली तेव्हा कळलं.

"बाकी वाक्यं राहू देत," म्हणाले. "तिचं 'अहो' तेवढं नीट आलंय ना?"

मी हो म्हणालो. तो शब्द अजून शाबूत होता. बॅग परत खोलीत नेऊन ठेवली.

२४ फेब्रुवारी

ठरवलं. थोडं थोडं जाण्यापेक्षा मीच देतो. काकूंचे कागद घेतले, माईकसमोर बसलो, पहिलं वाक्य वाचलं. 'आज बरं वाटतंय.' माझ्या आवाजात बोललो, हेडफोनमध्ये त्यांच्या आवाजात ऐकू आलं. टु-डुंग. फाईल आली. आणि ते शब्द गेले.

"पुढचं."

एक अख्खा कागद वाचला. जिभेवर लोखंडाची चव आहे. चूळ भरली तरी जात नाही.

हे चांगलं काम आहे असं स्वतःला सांगतोय. ज्याचं घेतलं त्याला परत देतोय. मग काका दिसले की मी आतल्या खोलीत का पळतो? कारण सांगितलेलं नाही अजून. वाचून झालं की सांगणार आहे. तेवढे शब्द बाजूला काढून ठेवलेत, ते कागदावर नाहीत. 'चूक', 'माझी', 'माफ'.

२६ फेब्रुवारी

ढमीचा फोन. उचलला. मामा गोष्ट. कुत्रा भुंकवला, तो जमला. बाकी — 'होता' नाही, 'गेला' नाही, 'मग' नाही. नुसता भुंकत राहिलो. ती आधी हसली. मग म्हणाली, मामा, बोल ना. मग रडायला लागली. ताई ओरडली की काय चेष्टा चालवलीस लेकराशी.

फोन बंद करून ठेवला.

मॅडम म्हणाल्या घसा सुजलाय, सुट्टी घे. खुणेने नको म्हटलं.

२८ फेब्रुवारी

कागद संपत आले. आता मला वाचावं लागत नाही, मनात आणलं तरी — डबा तुटतो.

काका आले होते एकटे, काठी टेकत, रस्ता ओलांडून. आजच सांगायचं म्हणून त्यांच्यासमोर बसलो. तोंड उघडलं. बाजूला ठेवलेलेही गेलेत. ते तर कागदावर नव्हते.

लिहून दाखवायला वही काढली. आणि कळलं — कुणाला दाखवतोय.

काका म्हणाले, कोण आहे? बसलंय ना कुणी?

१ मार्च

उद्या टॅब देणार. सगळं आहे फोल्डरमध्ये. फक्त हाक नाही. ते वाचलेलं नाही मी. तो शब्द दिला की मला कुणालाच —

कानात सारखं. हेडफोन न घालताही.

पुढचं. पुढचं.

२ मार्च

आले दोघं. मॅडमनी टॅब दिला. काकूंनी बोट ठेवलं, पाणी हवंय का. काकांनी मान वर केली. आणखी एक बोट, आणखी एक. काकूंच्या डोळ्यांतून धार. मलाही वाटलं, सुटलो.

काका म्हणाले, तिचाच आहे. पण हाक कुठे आहे?

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. खुणेने म्हटलं थांबा. आत आलो. दार लावलं.

म्हटलं. जेवायचं. दुधाचं. पाहुण्यांचं. रुसलेलं. दटावायचं. शेवटचं भिंतीकडे तोंड करून. आवाज नव्हताच, नुसते ओठ. पण ते मनापासून म्हणावं लागलं, तसं म्हटल्याशिवाय डबा घेत नव्हता. काकांचा चेहरा आठवला आणि म्हटलं.

बाहेरून काकांनी ओ दिली.

या दारातून आवाज जात नाही. टॅबमध्ये तर अजून काही भरलंही —

काका उठले. काठी सोडून. काकू समोर होत्या, त्यांना बाजूला सारून. दार त्यांनीच उघडलं. माझा हात धरला.

"अगं, कुठे होतीस इतका वेळ?"

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

काकू आल्या. काकांच्या दुसऱ्या तळहातावर भराभरा लिहायला लागल्या. त्यांनी हात झटकला. मला विचारतात, ही कोण बाई, सारखी हात का धरते, हिला जायला सांग.

टॅबवर बोट ठेवलं काकूंनी. टॅब बोलला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, हो, ऐकलं, बोल.

डावा हात त्यांच्या हातात आहे. सोडत नाहीत. उजव्याने लिहितोय. मॅडम फोन करतायत कुणाला तरी. काकू समोर उभ्या आहेत. रागावलेल्या नाहीत. नुसतं बघतायत, मी काय केलं ते त्यांना कळत नाहीये.

त्यांना वाचता येतं. त्यांना तरी.

काकू, हे तुमच्यासाठी. मी तुमचं काही घ्यायला बसलो नव्हतो. मी द्यायला — त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत नव्हतं, पण संध्याकाळी माहीत होतं. उजेड होता. तुमचा नंबर माझ्याकडे होता. काकू, एकच रिंग वाजवून मी —

काका ओढतायत. घरी चल म्हणतात.

काकू, वाचा, हात हलतोय म्हणून अक्षर — त्या दिवशी तुमचं काहीच झालं न